गोव्यातील घरासाठी सूर्य, वारा आणि बॅटरी : खर्च नेमका कशावर करावा?

गोव्यात घरच्या घरी वीज तयार करू पाहणाऱ्याला पवनचक्कीचा मोह पडणे स्वाभाविक आहे, कारण सूर्य ढगांआड जातो त्याच जून ते ऑगस्टच्या काळात वारा जोर धरतो. तरीही बहुतेक घरांना हा खर्च मी सुचवणार नाही. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दोन मीटर व्यासाच्या चक्कीला सेकंदाला ८ मीटर वेगाच्या वाऱ्यातून सुमारे ३०० वॅट मिळत असतील, तर ४ मीटर वेगाला जेमतेम ३५ ते ४० वॅट हाती लागतात. शिवाय चक्की आसपासच्या झाडांपेक्षा निदान नऊ-दहा मीटर उंच हवी, आणि भाटातल्या (माडांच्या बागेतल्या) घराभोवती माडच वीस मीटरचे असतात. पेडणे किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर अथवा उघड्या सड्यावर (खडकाळ पठारावर) घर असेल, तरच वर्षभर वारा मोजून या पर्यायाचा विचार करावा.

सौरऊर्जेचे गणित बरेच सरळ आहे. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर छप्पर लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. आषाढ-श्रावणात हे उत्पादन बरेच घटते. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, घरगुती पवनचक्कीला मात्र त्यात स्थान नाही. घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे उन्हाळ्यातील शिल्लक वीज पुढच्या बिलांत वळती होते. मंगळुरी कौलांवर पॅनेल बसवताना दक्षिणेकडचा उतार निवडावा आणि माडाची सावली दुपारी कुठे सरकते ते आधी पाहावे, कारण एका झावळीची सावलीही पॅनेलच्या संपूर्ण साखळीचे उत्पादन खाली खेचू शकते. समुद्राजवळ सांगाडा गॅल्वनाइज्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा आणि नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. खारा वारा साध्या लोखंडाला फार काळ टिकू देत नाही.

एक गोष्ट ग्राहकाला अनेकदा उशिरा कळते : साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीजजाळ्याला जोडलेली यंत्रणा, लाइनवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षेसाठी, वीज गेली की स्वतःही बंद पडते. ऐन पावसात फांदी तारेवर पडून रात्रभर अंधार झाला, तर छपरावरचे पॅनेल उपयोगी पडत नाहीत. तेथे बॅटरीचा प्रश्न येतो. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर (शिसे-आम्लाची) बॅटरी १.८ युनिट साठवते, पण तिचे आयुष्य जपायचे तर त्यातले निम्मेच वापरावे आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालत राहावे. ५१ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पाच युनिट साठवते, त्यातले चारहून अधिक वापरता येतात. ती महाग असली तरी दहा वर्षांच्या हिशेबात मला तीच योग्य वाटते. तीस वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास चालले तर एक युनिटही लागत नाही, आणि फ्रिज व दिवे धरूनही रात्र निभावते. विहिरीचा पंप व गीझर मात्र या जोडणीबाहेर ठेवावेत, कारण पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो.

हात आखडता असेल तर आधी हायब्रिड इन्व्हर्टरसह (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींशी जोडता येणाऱ्या) सौर यंत्रणा बसवावी आणि त्याला चालणारी बॅटरी पुढच्या पावसाळ्यापूर्वी जोडावी.