स्टॅन्ली-ब्राऊन सुरक्षा आराखडा: कागद चांगला, पण नंतरच्या फोनांसकट घ्या

‘मी जिवाचं बरंवाईट करून घेणार नाही’ असं रुग्णाकडून लिहून घ्यायची पद्धत बरीच वर्षं चालली. त्या कागदाने धीर डॉक्टरला येतो. रुग्णाने रात्री दोन वाजता काय करायचं, ते त्यात लिहिलेलंच नसतं. कोलंबिया विद्यापीठाच्या दिवंगत बार्बरा स्टॅन्ली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ग्रेगरी ब्राऊन यांचा सुरक्षा आराखडा नेमकं तेच लिहितो. एक पान, सहा पायऱ्या, भरायला साधारण २० ते ४५ मिनिटं. ओपीडी सांभाळून आत्महत्या रोखण्यावर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तो असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फॉर्म पुढ्यात ओढण्याआधी अलीकडचा कठीण प्रसंग सविस्तर ऐकून घ्यायचा. कशाने सुरू झालं, कधी टोकाला गेलं, कशाने ओसरलं? विचारांची लाट चढते तशी उतरतेही, हे माणसाला स्वतःच्याच हकिगतीतून दिसलं की पुढचे प्रश्न त्याला पटतात. हा भाग गाळला की फॉर्म सात मिनिटांत भरून होतो आणि निरुपयोगी ठरतो.

पहिली पायरी धोक्याच्या खुणांची. ‘वाईट वाटतं’ हे उत्तर चालणार नाही. ‘बँकेचा फोन आला की जेवण सुटतं, पडवीत येरझाऱ्या सुरू होतात’ हे चालेल, आणि तेही रुग्णाच्याच शब्दांत. दुसरी, एकट्याने करण्याजोग्या गोष्टी. तिसरी, त्या विचारांतून मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा: पार, देऊळ, भजनी मंडळ, शेजारची मैत्रीण. इथे मनातलं काही सांगायचं नसतं, नुसतं जाऊन बसायचं असतं. चौथीत मात्र ज्यांना ‘मला मदत हवी आहे’ असं उघड म्हणता येईल त्यांची नावं येतात. तिसरी आणि चौथी एकच समजून दोन्हीकडे तीच नावं लिहिणं ही हमखास होणारी चूक. पाचवीत उपचार करणारे डॉक्टर, जवळची कॅज्युअल्टी आणि चोवीस तास चालणारी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. सहावी, आसपासचा परिसर सुरक्षित करणं.

प्रत्येक पायरीला विचारायचं, ‘हे खरंच कराल? आड काय येईल?’ धोका वाढतोय असं वाटलं तर मधल्या पायऱ्या सोडून थेट पाचवीवर जायचं, हेही स्पष्ट सांगायला हवं.

सहावी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात घाईने उरकली जाते. ‘घरच्यांनी लक्ष ठेवावं’ ही काही योजना नव्हे. फवारणीची औषधं आणि जास्तीच्या गोळ्या घरातून कोण हलवणार, किल्ली कुणाकडे, कोणत्या दिवसापर्यंत, एवढं लिहायला हवं. रुग्णाच्या संमतीने, त्या माणसाला समोर बसवून हे ठरवलं तर उत्तम.

मराठीत वापरताना शब्दशः भाषांतर घात करतं. दुसऱ्या पायरीला ‘अंतर्गत सामना धोरणे’ म्हटलं तर कुणाला कळणार? ‘कुणाला न बोलावता काय करता येईल?’ असं विचारा. मात्र छापील फॉर्ममध्ये बदल करायला किंवा तो संगणकीय नोंदीत घालायला लेखकांची लेखी परवानगी लागते. वैयक्तिक वापराला मुभा आहे. वाचता न येणाऱ्यासाठी आराखडा त्याच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करता येतो, पण फोन घरात सगळे वापरतात का ते आधी विचारा. सासरी छळ सोसणाऱ्या बाईला तर हा कागद सापडणंही धोक्याचं. तिथे फक्त नंबर असलेली छोटी चिठ्ठी बरी.

आता पुरावा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतले १,६४० रुग्ण होते. आराखडा आणि नंतरचे फोन मिळालेल्यांत सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ३.०३ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ५.२९ टक्के. म्हणजे शंभरांमागे दोघांचा फरक, आणि तो मोलाचा आहे. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, रुग्ण बहुतेक पुरुष होते, आणि कागद व फोन एकत्रच तपासले गेले. नुसत्या कागदाच्या नावावर हे आकडे खपवू नयेत.

म्हणून फोन. डिस्चार्जनंतर ७२ तासांच्या आत पहिला, एकूण किमान दोन. प्रत्येक फोनवर तीन कामं: धोका पुन्हा विचारणं, आराखडा सुधारणं, पुढची तारीख पक्की करणं. फोन बंद लागतो हे धरून दोन नंबर घ्या आणि प्रत्येक प्रयत्नाची वेळ नोंदवा.

संशोधनासाठी ‘किती फॉर्म भरले’ हे माप फसवं आहे. केस पेपरला जोडलेले आराखडे तपासले तर बरेचसे एकाच साच्यातले निघतात. प्रत्येक पायरीत ठोस, त्याच माणसाचं असं काय लिहिलंय याला गुण द्या, आणि ते उपचार करणाऱ्याने देऊ नयेत. अभ्यासाची संमतीही शक्यतो दुसऱ्याने घ्यावी, माणूस सावरल्यावर. नशेत असलेल्या, भान सुटलेल्या किंवा एकटं सोडता न येणाऱ्या रुग्णासमोर हा फॉर्म ठेवू नये. त्याला आधी दाखल करणं किंवा सतत सोबत लागते.

फॉर्मला पैसे पडत नाहीत. फोन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा पगार मात्र निधीच्या अर्जात पहिल्याच मसुद्यात मांडा, कारण काटछाट सुरू झाली की आधी तीच ओळ जाते.