टाऊन हॉल म्युझियम, कोल्हापूर : आत जायच्या आधी भिंती बघा

माझा धंदा दगडी बांधकामाचा. जुने वाडे, देवळांच्या ओवऱ्या यांची डागडुजी करतो. त्यामुळं टाऊन हॉलला गेलो की तिकीट काढायच्या आधी माझी एक फेरी बाहेरूनच होते. काळा दगड, टोकदार कमानी, उतरतं छप्पर. १८७२ ते १८७६ या काळात ही इमारत उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याचा. आपला नवा राजवाडाही त्याचाच आणि बडोद्याचा लक्ष्मीविलासही. कमानीचा एकेक दगड वेगळ्या कोनात तासावा लागतो, आणि मधला चावीचा दगड बसेपर्यंत सगळा भार खालच्या लाकडी साच्यावर असतो. साचा काढल्यावर कमान स्वतःच्या वजनानंच घट्ट होते. तसं काम दीडशे वर्षांनी जवळून बघायला मिळतं, हात लावून बघता येतं. मला तरी यात देवळात गेल्याचं समाधान मिळतं.

आत १९४६ साली सुरू झालेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. शस्त्रं आहेत, दगडी मूर्ती आहेत, आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. चित्रांपुढं निवांत उभं राहा. हा माणूस रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून रंगवायचा.

पण मी पाहुण्यांना नेतो ते ब्रह्मपुरीच्या वस्तू दाखवायला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातलं नगर वर आलं. त्यात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. माझ्या लेकीनं विचारलं, "आप्पा, ह्यो कुठला देव?" म्हटलं, "बाळा, समुद्राचा. ग्रीक लोकांचा." "मग हिकडं कसा आला?" रोमन साम्राज्याशी आपला व्यापार होता, कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर यायचा, एवढं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ काचेपुढनं हललीच नाही. शेजारी हत्तीवर स्वार झालेल्या माणसांचं कांस्यशिल्पही आहे, तेही चुकवू नका. माझं मत विचाराल तर त्या पोसायडनला स्वतंत्र दालन मिळायला पाहिजे. कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आणि चपला सांगतो आपण. दोन हजार वर्षांपूर्वीही हे जगाशी जोडलेलं गाव होतं, हे कुणी सांगत नाही.

बाहेरची बाग मोठ्या झाडांची, गार. समोर सीपीआर दवाखाना असल्यानं पेशंटची माणसं डबा घेऊन सावलीला बसलेली असतात. तिथं मोठ्यानं गाणी लावू नका, एवढी विनंती.

सोमवारी बंद असतं. अंबाबाईच्या देवळापासून चालत येण्याइतकं जवळ आहे. सकाळी या, ऊन तिरकं असताना दगडावरची टाकीची घडण स्पष्ट दिसते.