तांब्याची पातळ फिल्म: बाष्पीभवन की स्पटरिंग?

सिलिकॉन वेफरवर 500 नॅनोमीटर तांबं चढवून त्याची ताकद मोजायची असेल आणि लॅबमध्ये दोन्ही यंत्रं असतील, तर मी स्पटरिंग निवडेन.

थर्मल बाष्पीभवनात टंगस्टनच्या बोटीत तांबं वितळतं. 10⁻⁶ टॉर (दाबाचं एकक) इतक्या निर्वातात रेणूंना एकमेकांवर आदळण्याआधी सुमारे 50 मीटर मोकळी वाट मिळते, म्हणून अणू सरळ रेषेत वेफरवर येतात. पण त्यांची ऊर्जा जेमतेम 0.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. स्पटरिंगमध्ये आर्गॉनचे आयन टार्गेटवरून, म्हणजे तांब्याच्या तबकडीवरून, अणू उडवतात आणि ते काही इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन येतात. थर दाट बसतो, पकडही चांगली येते. तरीही खाली 5-10 नॅनोमीटर टायटॅनियम किंवा क्रोमियम द्याच, आणि मध्ये चेंबर उघडू नका. मिश्रधातू असेल तर निवडीचा प्रश्नच नाही: पितळ तापवलं तर जस्त आधी निघून जातं.

खरी मेख अंतर्गत ताणात आहे. आर्गॉनचा दाब कमी ठेवला तर फिल्म आतून दाबलेली राहते, वाढवला तर ओढलेली. मॉलिब्डेनम, क्रोमियममध्ये हे फार ठळक दिसतं. हा ताण न मोजता कठिणपणाचे आकडे जुळवत बसणं मला व्यर्थ वाटतं, कारण ताणाने ते आकडेच सरकतात. थर चढवण्याआधी आणि नंतर वेफरची वक्रता मोजा. स्टोनीच्या 1909 च्या सूत्राला दोन्ही जाड्या आणि वेफरचे स्थितिस्थापक गुणांक पुरतात, फिल्मचा गुणांक लागतच नाही. केवढी सोय आहे ही!

आता चाचणी. नॅनोइंडेंटेशनमध्ये, म्हणजे हिऱ्याचं बारीक टोक फिल्ममध्ये दाबून बल आणि खोली मोजताना, ऑलिव्हर-फार पद्धतीने (टोक मागे घेतानाच्या वक्रावरून) कठिणपणा आणि स्थितिस्थापक गुणांक मिळतो. टोक जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा खोल नेलं की खालचं सिलिकॉन बोलायला लागतं, म्हणजे तुमच्या हाती फक्त 50 नॅनोमीटर. तिथे पृष्ठभागाचा खडबडीतपणा भोवतो. शिवाय तांबं टोकाभोवती वर येतं. संपर्काचं क्षेत्रफळ कमी धरलं जातं आणि कठिणपणा फुगतो. खळग्याचं एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक) चित्र घेतल्याशिवाय आकडा लिहू नका.

वाकणाऱ्या सर्किटसाठी फिल्म हवी असेल तर मात्र कॅप्टॉनवर (लवचीक पॉलिइमाइड प्लास्टिकवर) चढवून ओढा आणि विद्युत रोध मोजत राहा. तो अपेक्षेपेक्षा वर उसळला की तडे सुरू झाले. फिल्म किती ताणेपर्यंत टिकते, हे इंडेंटेशन सांगत नाही.

बाष्पीभवन कधी? लिफ्ट-ऑफ करायचं असेल (खालचा रेझिस्ट विरघळवून नको तिथला धातू उचलून काढायचा असेल), किंवा खाली स्पटरिंगचा प्लाझ्मा न सोसणारा सेंद्रिय थर असेल तेव्हा. सोन्याची सुटी फिल्म हवी असेल तरीही: सैंधवाच्या स्फटिकावर चढवायची आणि मीठ पाण्यात विरघळवायचं.