पाळीच्या रजिस्टरऐवजी संगणकीय नोंदवही : दीड वर्षाच्या वापरानंतर

विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्रात मी पाळीप्रमुख आहे. आमच्या २१० मेगावॅटच्या संचाच्या नियंत्रण कक्षातील जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर बंद होऊन तेथे संगणकीय नोंदवही आली, त्याला आता दीड वर्ष झाले. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही. अशी प्रणाली घेऊ पाहणाऱ्या सहकाऱ्यांना अनुभव कळावा, एवढाच हेतू आहे.

परमिटच्या, म्हणजे यंत्र बंद करून देखभालीसाठी सोपवण्याच्या लेखी परवान्याच्या, कामात ही नोंदवही उत्तम आहे. कोळसा दळणारी मिल देखभालीसाठी द्यायची म्हणजे मिल आणि तिला कोळसा पुरवणारा फीडर यांच्या मोटरचे ब्रेकर बाहेर काढून ‘चालू करू नये’ असा टॅग लावणे, गरम हवेचे गेट बंद करणे, ही कामे वेगवेगळी माणसे करतात. पूर्वी परमिटची कार्बन प्रत कोणाच्या तरी खिशात घरी जायची आणि पुढच्या पाळीत फोनाफोनी सुरू व्हायची. आता शेवटचा टॅग काढल्याची नोंद झाल्याखेरीज परमिट बंदच होत नाही. एकाच मिलवर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल अशी दोन परमिटे चालू असतात, तेव्हा याचे मोल कळते.

किती वीज केव्हा निर्माण करायची हे कळवणाऱ्या भार प्रेषण केंद्राचे वेळापत्रक १५ मिनिटांच्या ९६ भागांत येते. ते आणि प्रत्यक्ष निर्मिती हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी आपोआप दिसतात, हीही मोठी सोय आहे. पाळी स्वीकारताना ‘वाचले’ हे बटण दाबावे लागते. न वाचताही ते दाबता येते, हे सर्वांना ठाऊक आहे.

खरी तक्रार वेळेच्या नोंदीबद्दल आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री ओला कोळसा बंकरच्या (कोळसा साठवण्याच्या टाकीच्या) तोंडाशी अडकला आणि २ वाजून १० मिनिटांनी एका मिलचा फीडर रिकामा फिरू लागला. दोघे जण घण घेऊन बंकरखाली धावले, डेस्कवरच्या ऑपरेटरने बॉयलरमधली ज्वाला टिकवण्यासाठी तेल जाळणाऱ्या ऑइल गन सुरू केल्या, तोवर दुसऱ्या मिलचाही कोळसा तुटला आणि भार १९० वरून १३० मेगावॅटवर आणावा लागला. अशा वेळी कीबोर्डला हात लावण्याची उसंत कोणाला असते? सर्व नोंदी ३ वाजून २५ मिनिटांनी बसून केल्या आणि प्रणालीने त्या सर्वांवर तीच वेळ उमटवली. कारणांच्या यादीत ‘ओला कोळसा’ नव्हता, म्हणून ‘मिल बिघाड’ निवडावे लागले. सकाळच्या बैठकीत साहजिकच विचारणा झाली, की भार सावरून स्थिर झाल्यावर ऑइल कशासाठी जाळले आणि मिलचा नेमका कोणता भाग बिघडला.

वेळ बदलता आली तर नोंदींत फेरफार होईल, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे आणि ते अगदीच चुकीचे नाही. परंतु घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ असे दोन रकाने ठेवले, तर दोन्ही गरजा भागतात. जुन्या रजिस्टरात आम्ही समासात ‘उशिरा नोंद’ लिहून नेमके हेच करीत होतो. या बदलासाठी आता वेगळे शुल्क मागितले जात आहे, त्यामुळे नवी खरेदी करणाऱ्यांनी हा रकाना निविदेतच मागून घ्यावा. आमच्या डेस्कवर तूर्त एक शंभर पानी वही आणि तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल परत आली आहे.