डोनर गाडी खोलताना वापरलेला अर्धा इंची गोटी संच

घरी नव्याने उभ्या करत असलेल्या गाडीसाठी मी त्याच मॉडेलची एक डोनर गाडी, म्हणजे सुटे भाग काढून घेण्यासाठीची गाडी, घेतली आणि ती खोलण्यासाठी अर्ध्या इंचाच्या चौकाचा (हँडल जोडण्याच्या चौकोनी खुंटीचा), सहा पैलूंच्या गोट्यांचा, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या सॉकेटचा, संच आणला. संचात 10 ते 24 मिलिमीटरच्या गोट्या, रॅचेट (एकाच दिशेला पकडणारे दातेरी हँडल), दोन एक्स्टेन्शन आणि सुमारे 60 सेंटीमीटर लांबीचा ब्रेकर बार (घट्ट बोल्ट सोडवण्याचा बिनदातांचा लांब दांडा) आहे. त्यानंतर जवळजवळ संपूर्ण गाडी मी याच संचाने खोलली असल्यामुळे त्याबद्दल ठामपणे लिहू शकतो.

भंगारात काढण्यासाठी गाडी तोडणे आणि भाग परत वापरण्यासाठी गाडी खोलणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामात बोल्ट निघाला पण ब्रॅकेट वाकले किंवा आटे गेले, तर ती गाडी घेऊन काय मिळवले? बारा पैलूंची गोटी बोल्टच्या डोक्याला कोपऱ्यांजवळ धरते आणि गंजाने कोपरे झिजलेले असतील तर ती घसरून डोके गोल करते. सहा पैलूंची गोटी सपाट बाजूंवर जोर देते. या संचाच्या भिंती जाड आहेत आणि बसवण सैल नाही. सबफ्रेमचे (इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) बोल्ट तांबूस पापुद्र्यांनी भरले होते, तरी तारेच्या ब्रशने घासून गोटी हातोडीने हलके ठोकून बसवल्यावर एकाही बोल्टचे डोके गोल झाले नाही.

खरी किंमत वसूल केली ती ब्रेकर बारने. मागच्या शॉक अब्सॉर्बरचा खालचा बोल्ट रबरी बुशच्या (सांध्यातल्या रबरी गादीच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटला होता. बारवर जोर दिला की डोके थोडे फिरे, पण हातात रबर पिळल्यासारखा लिबलिबीत दाब जाणवे आणि जोर सोडताच बार मागे येई. बोल्ट आट्यांतून सुटताना असे होत नाही. त्या वेळी एक कोरडी करकर ऐकू येते आणि बार जिथे नेला तिथेच राहतो. बोल्ट नव्हे तर बुश पिळतो आहे हे हाताला कळल्यामुळे मी थांबलो, गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवले, सकाळी नट सुटा करून बोल्टच्या टोकावर पितळी ड्रिफ्ट (ठोकण्याची कांडी) ठोकली, आणि बोल्ट न तुटता बाहेर आला. बॅटरीवरच्या इम्पॅक्ट रेंचने (धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) वेळ वाचतो हे मान्य आहे, परंतु त्याच्या धडधडीत हा फरक मला तरी ओळखू आला नसता. शिवाय या संचातल्या क्रोम व्हॅनेडियमच्या गोट्या इम्पॅक्टसाठी नाहीत. त्या कठीण असल्याने फुटू शकतात.

रॅचेटला 72 दात आहेत, म्हणजे दर 5 अंशांनी पुढचा दात पकडतो, आणि डॅशबोर्डखालच्या अडचणीत त्याचा मोठाच उपयोग झाला. मात्र दिशा बदलण्याची कळ इतकी हलकी आहे की बाहीला लागूनही उलटते. घट्ट बोल्ट या रॅचेटने सोडवू नयेत. बारने सोडवून मग रॅचेटने काढावेत.

माझी खरी तक्रार मापांबद्दल आहे. संचात 17 आणि 19 आहेत, पण 16 आणि 18 नाहीत, आणि माझ्या गाडीच्या सस्पेन्शनवर याच दोन मापांची गरज सर्वाधिक पडली. घाईत 16 च्या जागी 17 ची गोटी लावण्याचा मोह टाळावा, कारण डोके गोल होते ते बहुधा तिथेच. त्या दोन गोट्या मी स्वतंत्र आणल्या. आकडेही फार उथळ कोरलेले आहेत. ग्रीस लागलेल्या हातांनी ते वाचता येत नाहीत, म्हणून मी प्रत्येक गोटीवर पांढऱ्या रंगाने माप लिहिले आहे.

दोन जादा गोट्यांचा खर्च धरूनही हा संच मी पुन्हा घेईन. रॅचेट मात्र पुढच्या वेळी वेगळे घेणार आहे.