हलव्याचे दागिने, केक, क्रोशा की चित्रकलेचा क्लास?

माझी भाची ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहते. मुलगा दीड वर्षाचा, नोकरी सोडलेली, हातात कला भरपूर. दिवाळीत आली तेव्हा तिनं सरळ विचारलं, "मावशी, घरबसल्या चार पैसे मिळवायचे तर यातलं नेमकं काय धरू?" मी ठाण्यातच, नौपाड्यात राहते. गेली बारा वर्षं हलव्याचे दागिने करतेय, त्याआधी दोन वर्षं केकच्या ऑर्डरी घेतल्या, क्रोशाची सुई आईकडूनच हातात आली. चित्रकलेचा क्लास माझी जाऊ घेते, तिचा हिशोब मीच लिहिते. भाचीला जे सांगितलं तेच इथे मांडते, कारण हा प्रश्न आमच्याकडे बऱ्याच जणी विचारतात.

वस्तू कितीला विकली गेली, या आकड्यावर जाऊ नका. मी वहीत तीन गोष्टी लिहिते: साहित्याचा खर्च वजा करून तासाला काय सुटलं, काम मधेच खाली ठेवता येतं का, आणि तेच गिऱ्हाईक परत कधी येणार. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा. खालचे आकडे माझ्या आणि जावेच्या वहीतले आहेत. तुमच्याकडे भाव वरखाली होतील, पण हिशोब याच पद्धतीनं करून बघा.

आधी हलव्याचे दागिने, कारण ते मला सगळ्यात जवळचे. तुळशीचं लग्न लागलं की विचारणा सुरू होते. लग्नानंतरची पहिली संक्रांत आणि बाळाचं बोरनहाण, मागणी या दोन निमित्तांची. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तोवर काम असतं. मग थेट पुढच्या वर्षी. सुनेच्या संचात मंगळसूत्र, हार, कानातली, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा असे नऊ नग मी देते. त्याला अकरा तास जातात. हलवा, सोनेरी मणी, लेस, पुठ्ठा, डबा मिळून ३५० रुपये, संच १८०० ला. म्हणजे तासाला १३० रुपयांच्या आसपास.

हलव्याच्या दाण्याला भोक नसतं, त्यामुळे तो मण्यासारखा ओवता येत नाही. दुहेरी दोऱ्याच्या दोन पदरांत दाणा धरायचा, गाठ मारायची, पुढचा दाणा घ्यायचा. एका बांगडीला पन्नासेक दाणे, म्हणजे पन्नासेक गाठी. गाठ जोरात ओढली की दाण्याचे काटे झडतात, सैल राहिली की दाणा निसटतो. गमनं चिकटवलं तर निम्म्या वेळात होतं आणि बाजारात बरेच संच तसेच असतात. पण बोरनहाणाच्या संचाला मी गम लावत नाही. बाळ डोक्यावरचा मुकुट काढतं आणि थेट तोंडात घालतं, हे मी दरवर्षी बघते. गम वापरणार असाल तर निदान त्या आईला स्पष्ट सांगा.

दुसरी काळजी दमट हवेची. एका वर्षी संच चार दिवस आधी पोचवला. त्या घरातल्या आजींनी चांगला राहावा म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवला. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटलं, हार साडीला चिकटला, मुलगी रडवेली झाली. चूक त्यांची नव्हती, मीच सांगितलं नव्हतं. मी पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक डब्यात सिलिका जेलची पुडी आणि 'फ्रिजमध्ये ठेवू नये' अशी चिठ्ठी असते.

या कामाचा मोठा गुण म्हणजे अर्धी बांगडी तशीच डब्यात झाकून ठेवता येते. मूल उठलं, उठा. खोट एवढीच की सुनेचा संच एका घरात एकदाच लागतो. मात्र त्याच सुनेकडून दोन-तीन वर्षांनी बोरनहाणाचा फोन येतो, हे माझ्याकडे खूपदा झालंय.

केकचं गणित वेगळं. अर्धा किलोचा केक ६५० ला, साहित्य आणि डबा २८०, भांडी घासण्यासकट अडीच तास. म्हणजे तासाला दीडशेच्या जवळपास, हलव्यापेक्षा थोडं जास्तच. वाढदिवस बारा महिने असतात आणि चव आवडली तर तेच घर वर्षातून तीन-चार वेळा बोलावतं. ठाण्यात एगलेसला मागणी चांगली आहे, ते शिकूनच घ्या. पण पोचवायचं कोणी? नौपाड्याहून कासारवडवलीला मी एकदा केक घेऊन रिक्षानं गेले. जाऊन-येऊन भाडं धरलं तर ३७० रुपयांतलं काही उरलं नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्रीमची फुलं बसली ती वेगळीच. घोडबंदरच्या मोठ्या संकुलात राहणाऱ्यांचं मात्र बरं आहे. लिफ्टनं खाली जाऊन दुसऱ्या इमारतीत दिलं की झालं. तरीही केक मधेच सोडता येत नाही. मिश्रण कालवलं की ओव्हनमध्ये जायलाच हवं, क्रीम जास्त फेटलं गेलं की दाणेदार होतं. शिवाय ऑर्डर असेल त्या दिवशी घरच्या फ्रिजचा एक कप्पा पूर्ण रिकामा लागतो.

केक विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागतेच, घरातून असला तरी. अर्ज ऑनलाइन होतो आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक डब्यावर छापायचा. "ओळखीतच देते" म्हणून हे टाळू नका. दुसऱ्याच्या मुलाच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

क्रोशाबद्दल लिहिताना वाईट वाटतं. एका बाहुलीला सात तास, सूत आणि कापूस १५०, गिऱ्हाईक ६०० च्या वर जात नाही. तासाला ६५ रुपयेसुद्धा नाहीत. स्वेटर मशिनवर विणला जातो, क्रोशाचे टाके आजही हातानंच घालावे लागतात, तरी लोक भाव मशिनच्या खेळण्याशीच जुळवतात. विकायचंच असेल तर फुलं, किचेन, केसांचे रबर असे अर्ध्या तासात होणारे नग करा, आणि ठाण्याच्या उकाड्यात लोकरीऐवजी सुती धागा घ्या. कुठेही, कधीही खाली ठेवता येणारं काम म्हणून मात्र याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

तासाचा हिशोब मांडला तर क्लास सगळ्यांच्या पुढे आहे. जावेकडे सहा मुलं, प्रत्येकी महिना ८००. आठवड्यातून दोनदा दीड तास, शिवाय महिन्याला चार तास तयारी. कागद-रंगांचे ३०० वजा केले तरी तासाला २८० सुटतात, आणि पैसे पहिल्या आठवड्यात हातात येतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांची तयारी करून घेतली तर मुलं दोन-दोन वर्षं टिकतात, कारण इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात. एप्रिल-मेत मात्र निम्मी मुलं गावाला जातात. सोसायटीशी आधीच बोलून घ्या, जिन्यातल्या चपलांवरूनसुद्धा कुरबुर होते. आणि दीड तास घर पूर्ण शांत हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. वस्तू ऑनलाइन बाजारात ठेवायच्या असतील तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात जीएसटी क्रमांकाशिवाय विकता येतं, पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर नाव मात्र नोंदवावं लागतं. आणि ऑर्डर कसलीही असो, निम्मे पैसे आगाऊ घ्या. ओळखीच्यांकडून तर आधी घ्या.

भाचीचं मूल दुपारी दोन तास झोपतं, तेही रोज नाही. म्हणून क्लास आणि केक आत्ता नको, असं मी तिला सांगितलं, तासाला जास्त सुटत असलं तरी. तिच्या संकुलात तान्ही बाळं खूप आहेत, तेव्हा या संक्रांतीला फक्त बोरनहाणाचे तीन संच, गम न लावता. मुंबईच्या भुलेश्वरहून लेस आणि मणी मी आणून दिले, हलवा तिनं ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून घेतला. मुलगा बालवाडीत गेला की क्लास सुरू करायचा तिचा विचार आहे. त्याआधी जूनपासून दोन शनिवार जावेकडे येऊन बसायचं तिनं कबूल केलंय.