गिअर लॉक की स्टिअरिंग लॉक? ढकलाढकलीच्या पार्किंगवाल्यांसाठी

गाडीत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असताना वर लोखंडी लॉक कशाला, ही शंका तुमची फिटली असेल असं धरतो. तरी दोन ओळी लिहितोच, कारण निवड तिथूनच सुरू होते. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीचा इमोबिलायझर चोराला फोडावाच लागत नाही. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि जवळ असलेली चावी तिला ओ देते. एक चोर तुमच्या दाराशी आणि दुसरा गाडीपाशी उभा राहून ती हाक यंत्राने लांबवतात. चावी तुमच्या खुंटीवर असते आणि गाडीला वाटतं, मालक शेजारीच आहे. दुसरा मार्ग म्हणजे आत शिरून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या जागेतून, गाडीला नवीन चावी ओळखवून देणं. २०२२ मध्ये लंडनला एका सुरक्षा संशोधकाची टोयोटा राव्ह-४ गेली, ती तर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीला खोटे संदेश देऊन.

यातल्या कुठल्याही मार्गाने इंजिन सुरू होतं. पण गाडी हलवायला गिअर टाकावा लागतो आणि स्टिअरिंग फिरवावं लागतं. अडवायचं ते इथेच.

जीपीएस ट्रॅकरबद्दल फार लिहीत नाही. तो गाडी गेल्यावर कामाला येतो, आणि सिग्नल दाबणारा जॅमर चोराकडे असला तर तेवढाही येत नाही. असे जॅमर खासगी माणसाने वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, पण गाडी चोरायला आलेला माणूस त्याची काय पर्वा करणार? गाडी ड्रायव्हरच्या हाती असेल तर जरूर बसवा. विम्याच्या सवलतीकडे पाहून मात्र काहीच घेऊ नका. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मंजूर केलेल्या यंत्रावर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये, एवढीच ती सवलत.

मी आधी गिअर लॉक बसवला होता. मजबुतीत तोच वरचढ, हे आजही मान्य करतो. तो खाली बोल्टने पक्का बसतो, गाडी रिव्हर्समध्ये टाकून लॉकची चावी फिरवली की गिअर हलत नाही. गाडीत वेगळं काही ठेवायला-काढायला लागत नाही, त्यामुळे लावायचा कंटाळा येत नाही. बसवताना कन्सोल उघडावा लागतो, तेवढं चांगल्या माणसाकडून करून घ्यावं.

पण आमची सोसायटी मुलुंड पूर्वेची, जुनी. जागा नऊ गाड्यांची, गाड्या चौदा. मुंबईत अशा ठिकाणी काय रीत असते ते तुम्हाला ठाऊक आहे: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक काढलेला, चाकं सरळ. मागच्याला निघायचं असलं की वॉचमन पुढची गाडी ढकलतो. गिअर लॉक लावलेली गाडी ढकलता येत नाही. पावणेसहाला बेल वाजायची आणि मी चावी घेऊन खाली धावायचो. कारण माझ्या मागची गाडी तळमजल्यावरच्या काकूंची, आणि त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला सहाच्या आत निघावं लागे. वर्षभर हे चाललं. मग एकदा मी पुण्याला गेलो होतो आणि चावी माझ्याच बॅगेत राहिली. काकू त्या दिवशी रिक्षाने गेल्या. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून स्टिअरिंगचा रॉड, म्हणजे चाकाला आडवा अडकवून ते फिरू न देणारा लोखंडी दांडा, आणला आणि गिअर लॉक लावणं सोडलं.

रॉड लावला तरी गाडी न्यूट्रलमध्ये सरळ मागेपुढे ढकलता येते. चावी काढल्यावर बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग तसंही अडकतंच, त्यामुळे वॉचमनच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. शिवाय रॉड काचेतून दिसतो. चोराला शेजारची गाडी सोपी वाटावी हा विचार मनाला बरा वाटत नाही, पण दिसण्याचा उपयोग आहे हे खरं. त्याची उणीवही सांगतो. रॉड न तोडता स्टिअरिंगची कडाच करवतीने कापली की तो निघतो. आवाज होतो, वेळ लागतो, पण निघतो. आणि रोज लावायचा आळस करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मला सवय व्हायला महिना लागला असेल.

तेव्हा तुमची जागा स्वतंत्र असेल, गाडी कुणाला हलवावी लागत नसेल, तर गिअर लॉक घ्या, मी अडवणार नाही. ऑटोमॅटिकवाल्यांचीही गोष्ट वेगळी: तुम्ही गाडी पार्कमध्येच ठेवत असाल तर ती आधीच ढकलता येत नाही, मग गिअर लॉकने नवीन अडचण होत नाही. बाकी आमच्यासारख्या एकामागे एक गाड्या लावणाऱ्यांनी, माझं ऐकाल तर, रॉड घ्यावा.

घेताना तो स्वतःच्या गाडीला दुकानासमोरच लावून बघा, कारण स्टिअरिंगच्या जाड कव्हरवर रॉडचे हुक नीट बसत नाहीत. पावसाळ्यात कुलूप गंजतं, जूनच्या आधी एकदा तेल सोडा. आणि काढल्यावर रॉड ड्रायव्हरच्या सीटखाली टाकू नका, ब्रेक मारला की तो घरंगळत पेडलखाली येतो. माझा शेजारच्या सीटच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला असतो.